दीड बादली गार पाणी

आमच्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याचं मशीन आहे. ते सुरू करण्याआधी मी सिंकचा गरम पाण्याचा नळ सोडते आणि खाली बादली लावते. एक बादली भरते, दुसरी अर्धी होते, तेव्हा कुठं नळातून वाफ येते. मग नळ बंद आणि मशीन चालू. बादल्यांमधलं पाणी फरशीला आणि कढीपत्त्याला जातं. पाच-सहा मिनिटांचं काम आहे. ते हमीदचाचांनी लावून दिलेलं आहे.

ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी अशीच बादली भरायची वाट बघत उभी होते. त्यांच्या मुलानं एकच वाक्य सांगितलं. मी "येते" म्हणाले. दुसरी बादली अर्धी झाल्यावर नळ बंद केला, मशीन लावलं, आईला साडी बदलायला सांगितलं आणि आळेफाट्यावरून आम्ही जुन्नरची बस पकडली. मशीन न लावताही निघता आलं असतं, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं. रडू आलं नाही. पुढंही आलं नाही. आईनं वाटेत दोनदा विचारलं, "तुला काय व्हतंय का?" काही होत नव्हतं. लिहिल्यानं काही होईल असंही नाही. पण माणूस नीट सांगून ठेवावा, एवढं वाटतं.

जुन्नरला बाजारपेठेच्या मागच्या एका बोळात आम्ही मायलेकी भाड्याच्या खोलीत राहायचो. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई एका खानावळीत भांडी घासायची. बोळाच्या तोंडाशी हमीदचाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रा, समोर भाता आणि भिंतीला टांगलेली तांब्याची, पितळेची भांडी. ते मूळचे कल्हईवाले. पुढं अंघोळीच्या पाण्याचे तांब्याचे बंब जोडायला लागले, गळक्या बंबांना डाख लावायला लागले. घरोघरी गीझर आले तेव्हा एक जुना गीझर त्यांनी खोलून पाहिला, तीन दिवस त्याच्यापुढं बसून राहिले आणि चौथ्या दिवशी दुरुस्त्या घेऊ लागले. गीझरला ते शेवटपर्यंत "पांढरा बंब" म्हणायचे. गच्चीवर सोलर आले तेव्हा म्हणाले, "हे बरंय. लाकूड आल्लाचं, जाळ आल्लाचा, आपल्याकडं फक्त गळती बघायचं काम."

बाराही महिने अंगात तपकिरी स्वेटर. चहा कधी फुंकून प्यायचे नाहीत. "पाण्याला घाई चालत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहा हातात धरून बसायचे आणि बरोबर एका क्षणी ग्लास तोंडाला लावायचे. तो क्षण त्यांच्या बोटांना कळायचा.

बोटांचं त्यांचं एक मोजमाप होतं. उजव्या हाताचं मधलं बोट पाण्यात घालायचं आणि सावकाश आकडे म्हणायचे. पाच म्हणेपर्यंत बोट आत राहिलं तर पाणी अंघोळीचं. तीनला काढावं लागलं तर भांड्याचं. एक म्हणायच्या आत बाहेर आलं तर चहाचं. गीझर दुरुस्त केला की घरातल्या सगळ्यांसमोर ते नळाखाली बोट धरायचे, मोठ्यानं मोजायचे आणि मगच हत्यारं पिशवीत भरायचे. लोकही त्या आकड्यांवर विश्वास ठेवायचे. "चाचांचं पाच झालं का?" असं बायका एकमेकींना विचारायच्या.

बाळाच्या पाण्याची मात्र रीत वेगळी होती. आमच्या बोळात कुणाकडंही बाळ जन्मलं, मग ते घर कुणाचंही असो, पहिल्या अंघोळीचं पाणी बघायला चाचांना बोलावणं जायचं. ते बाही वर करून घंगाळात कोपर बुडवायचे. मोजायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं, "चाचा, इथं आकडा का नाही?"

"बाळाच्या पाण्याला आकडा नसतो. कोपर आत गेल्यालं कळलंच न्हाई पायजे. कळलं, म्हंजे चुकलं."

माझ्याही पहिल्या अंघोळीचं पाणी त्यांनीच पाहिलं होतं, असं आई सांगते.

दहावी झाल्यावर आई मला खानावळीत कामाला न्यायला निघाली होती. त्यात तिचं काही चुकत होतं असं नाही. तिचे हात तेव्हाच भेगाळायला लागले होते आणि तिला जोडीला कुणीतरी हवं होतं. त्या संध्याकाळी चाचा आमचं कल्हई केलेलं पातेलं द्यायला आले. दारातच उभं राहून आईला म्हणाले, "वहिनी, भात अर्ध्यावर उतरवता का तुमी?"

"न्हाई, का?"

"मग पोरगी का उतरवताय? तिला आत्ता कुठं आधण आलंय."

आई पातेलं घेऊन आत गेली. मी अकरावीला गेले. त्या दिवसापासून चाचा मला मास्तरीण म्हणू लागले. मास्तरीण व्हायला मला त्यानंतर सात-आठ वर्षं लागली, पण हाक त्यांनी आधीच मारून ठेवली होती. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. निकालाचा कागद मी आईच्या आधी त्यांना दाखवला, कारण त्यांचं दुकान वाटेत आधी लागायचं. त्यांनी हात स्वेटरला पुसले, कागद हातात घेतला आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिला, जसं ते कल्हई बसली की नाही हे पाहायचे.

बी.एस्सी.ला असताना मी त्यांना प्रयोगशाळेतला थर्मामीटर दाखवायला नेला होता. त्यांनी तो उलटसुलट केला आणि परत दिला.

"हिला पोरं झालीत का?"

"कुणाला?"

"ह्या काचेला. न्हाई ना? मग बाळाचं पाणी तिला काय ठाऊक?"

दुकानातली सगळी हसली. मीही हसले.

मला आळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि आम्ही तिकडं राहायला गेलो. पुढं लहानसं घर बांधलं. गच्चीवरचा सोलर चाचांनीच बसवला. आईनं खानावळ सोडली, पण हात सुटले नव्हते. वीस वर्षं राखेत, पावडरीत आणि गार पाण्यात काढलेले हात. भेगा भरायच्या आणि पुन्हा उलायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, हात पाण्यात घालायचेच नाहीत. मी शाळेत असले की आई हमखास मोरीत बसून भांडी घासायची. म्हणून मी मशीन आणलं.

आई म्हणाली, "माझ्या हातांच्या बदल्यात कपाट आणलंस व्हय."

पुण्याहून मशीन बसवणारा माणूस आला. त्यानं ते सोलरच्या गरम पाण्याच्या नळाला जोडलं. गरम पाणी आयतं मिळालं की मशीनला तापवत बसावं लागणार नाही, असं म्हणाला आणि गेला. पण ताटांवरचा तुपाचा ओशटपणा काही जाईना. पावडरीचा गोळा डबीत तसाच चिकटलेला मिळायचा. आई मशीनचं दार उघडायची, ताटावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "यानं इसळून दिली. आता मी घासते." आणि खरंच घासायला बसायची. फोन केला तर पुण्याच्या माणसानं सांगितलं, मशीनला पाणी कमी गरम मिळत असणार, तुमच्या बाजूनं तपासून घ्या.

आमची बाजू म्हणजे हमीदचाचा. ते दुसऱ्या दिवशी जुन्नरहून बसनं आले. मशीनच्या आत डोकावले, "लई चकचकीत मोरी हाय," म्हणाले. मग नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहू दिलं आणि बोट धरलं. एक, दोन, तीन. पाचच्या पुढं गेले. नऊ म्हणाले, तरी बोट आतच.

"गार हाय, मास्तरीण. तुझा सोलरच मरगळलाय."

सोलरच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते. त्यांनी गच्चीवर जाऊन तिचा तापमानाचा काटा शेवटापर्यंत फिरवला. चहा घेतला आणि गेले. त्या पाण्यात मी हात घालून पाहिला नाही. चाचांनी पाहिल्यावर आपण काय पाहायचं, असं आमच्याकडं सगळ्यांचंच होतं. मला विज्ञान शिकवायचा पगार मिळतो, तरीही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आई हात तांब्याच्या परातीत, पाण्यात बुडवून बसली होती. ताटं पुन्हा ओशटच निघाली म्हणून तिनं नळाखाली घासायला घेतली होती. पहिली गार पाण्यात घासून झाली, आणि मग अचानक नळाला चटका आला. डाव्या हाताची पाठ भाजून निघाली होती. भेगांवर फोड आले होते.

"लई गरम आलं गं," एवढंच ती म्हणाली.

मला दोन गोष्टींचा मेळ बसेना. पाणी हात भाजण्याइतकं गरम आणि ताटं मात्र ओशट. मी शाळेतून थर्मामीटर आणला आणि चाचांना पुन्हा बोलावलं. नळ सोडून ठेवला. वाफ यायला लागल्यावर त्यांनी बोट धरलं आणि मोजायला लागले. त्याच धारेखाली मी थर्मामीटर धरला. पारा बहात्तरवर गेला.

"सात... आठ... नऊ... बघ, अजून गारच हाय."

मी त्यांचं मनगट धरून हात बाहेर ओढला. बोट दोन पेरांपर्यंत लालभडक झालं होतं.

"दुखतंय का?"

"न्हाई."

ते बोटाकडं पाहत राहिले. एखादं हत्यार आपलं आहे की दुसऱ्याचं चुकून आलंय, असं पाहावं तसं. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट धरलं. तेही तसंच आत राहिलं. मग स्वेटरची बाही वर केली आणि कोपर पाण्याखाली नेलं. कोपर धारेला लागताच झटकन मागं आलं.

चाचा तिथंच ओट्याला टेकून उभे राहिले. नळ चालूच होता. तो मी बंद केला.

"म्हंजे पाणी गार न्हवतं," ते म्हणाले.

त्यांना साखरेचा आजार होता, हे मला माहीत होतं. पायाला मुंग्या येतात, असंही ते म्हणायचे, पण हसत म्हणायचे.

ते पुन्हा म्हणाले, "कुणाचंच गार न्हवतं."

मग हळूहळू बोलले. गेलं वर्षभर त्यांना घरोघरी पाणी गार लागत होतं. आजकालचे गीझरच निकामी, असं ते म्हणत होते. ज्या घरी जातील तिथला काटा वाढवून येत होते. आणि लोक त्यांचं बोट बघून मान हलवत होते.

आई तेवढ्यात चहा घेऊन आली. तिच्या डाव्या हाताला पट्टी होती. चाचांनी ती पहिल्यांदाच नीट पाहिली.

"वहिनी, हे माझ्यामुळं झालं."

"तुमी कशाला? नळामुळं झालं."

"नळ कुणाच्या हातातला व्हता?"

आई म्हणाली, "च्या घ्या, हमीदभाऊ." त्यांनी ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. कधी प्यायचा ते त्यांना कळत नव्हतं, हे आता माझ्या लक्षात आलं. तो चहा शेवटी गार झाला.

मला वाटलं ते आता जातील. पण ते म्हणाले, "आधी तुझी मोरी बघू. काम अर्ध्यावर ऱ्हायलंय." थर्मामीटर त्यांनी माझ्याकडून मागून घेतला. पाइपातलं पाणी निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी नळ सोडला आणि एकेक तांब्या भरून त्यात थर्मामीटर धरला. मी आकडा वाचायचा आणि त्यांनी तो बोटांवर नव्हे, कोळशानं फरशीवर लिहायचा. पहिला तांब्या पंचवीस. दुसरा पंचवीस. पाचवा सव्वीस. असं दीड बादलीपर्यंत जवळजवळ गारच. मग दोन-तीन तांब्यांत पारा एकदम वर.

"गच्चीपासून इथवर पाइप केवढा लांब. त्यात पडून ऱ्हायलेलं पाणी गार," ते म्हणाले. "आन् तुझं मशीन एका वेळी पितं किती? चार-पाच तांबे. ते बिचारं पाइपातलंच शिळं पाणी पितंय. गरम त्याच्यापातूर पोचतंच न्हाई. वर माणसाच्या हाताला मात्र पोचतं."

मग त्यांनी आईला विचारलं, बटण कोणतं दाबता. आई सगळ्यात लहान आकड्याचं, अर्ध्या तासाचं दाबायची. वीज कमी जळावी म्हणून. त्या बटणावर मशीन स्वतः पाणी फारसं तापवतच नाही, हे मी पुस्तिका उघडून वाचून दाखवलं. ती पुस्तिका मी तोवर उघडलीच नव्हती.

"वहिनी, हे बटण पावण्यांच्या कपबशांसाठी. तुपाच्या ताटाला मोठं बटण. आन् आधी दीड बादली सोडायची, मग मशीनचं दार लावून बटण दाबायचं."

गच्चीवरचा काटा त्यांनी खाली आणला. या वेळी आकडा बघून. त्या दिवशी ताटं स्वच्छ निघाली. आईनं बोट फिरवलं आणि ताटं मांडणीत लावून टाकली. त्यानंतर मोरीत बसलेली मी तिला पाहिलेली नाही.

जाताना चाचांनी माझ्या वहीचं मागचं पान मागितलं आणि नावं सांगायला लागले. वर्षभरात जिथं जिथं काटा वाढवला होता ती घरं. त्यांना सगळी पाठ होती. कोणाच्या घरात म्हातारं माणूस आहे आणि कोणाच्या घरात लहान मूल, तेही. पुढचे दोन रविवार मी त्यांना स्कूटीवरून जुन्नरभर फिरवलं. प्रत्येक दारात ते एकच सांगायचे. "माझा हात बधिर झालाय. तुमचं पाणी मी जास्त तापवून ठेवलंय. ते कमी करायला आलोय."

एक आजोबा म्हणाले, "तरीच म्हटलं, यंदा पाणी झकास येतंय! ऱ्हाऊ द्या हो चाचा, माझे गुडघे खूश हायेत." चाचा हसले नाहीत. काटा कमी करूनच निघाले. एका घरी बाईंनी दारातच अडवलं. "नको, आम्ही आता दुसऱ्या कुणाला तरी बोलावू." चाचांनी वाद घातला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून थर्मामीटर त्यांच्या हातात दिला, कुठला स्क्रू किती फिरवायचा ते बाहेरूनच सांगितलं आणि आकडा उतरल्याचं त्या सांगेपर्यंत हलले नाहीत. मी स्कूटीशी उभी होते. माझ्याकडं पाहून म्हणाले, "बरोबर हाय तिचं. तू चेहरा नीट कर."

यादीत शेवटचं एक घर राहिलं होतं, घोडेगावचं. दोनदा जाऊन आलो तर कुलूप. ती मंडळी मुलीच्या बाळंतपणाला तिच्या सासरगावी गेली होती आणि शनिवारी मुलीला, बाळाला घेऊन परत येणार होती. मी म्हटलं, फोनवर सांगू. चाचा म्हणाले, फोनवर पाणी कळत नाही. मी म्हटलं, मग रविवारी मी नेते.

"मास्तरीण, बाळ शनवारी येतंय. त्याची अंघोळ तुझ्या सुट्टीची वाट बघंल व्हय?"

ते शनिवारी गेले. त्याच्या चार दिवसांनंतर पहाटे झोपेतच वारले.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या दारात त्यांनीच जोडलेला जुना बंब पेटला होता. शेवटच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. त्यांच्या मुलानं पाण्यात बोट घातलं आणि त्याचे ओठ हलताना दिसले. मग पाणी आत नेलं. आई बायकांमध्ये बसून रडली. घोडेगावच्या बाई आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "शनवारी आम्ही कुलूप काढतोय तोवर चाचा दारात हजर. काटा उतरवला, पाणी मोजलं आणि हात जोडून माफी मागायला लागले. आम्हाला काहीच झालं नव्हतं हो. मग म्हणाले, आता बाळाच्या पाण्यात तुमी कोपर घाला, मी बाजूला उभा ऱ्हातो."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच शनिवारी सकाळी. शाळेच्या कामानं मी जुन्नरच्या तहसील कचेरीत आले होते आणि एसटी स्टँडवर ते घोडेगावच्या बसची वाट बघत बसलेले दिसले. तपकिरी स्वेटर. माझा थर्मामीटर त्यांनी दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवला होता. मी म्हटलं, थांबा, चहा आणते. गाड्यावरून ग्लास आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि थोड्या वेळानं माझ्यापुढं केला.

"बघ गं. प्यायजोगा झालाय का?"

मी ग्लासाला बोट लावलं. "अजून नाही. थांबा जरा."

"बरं," म्हणाले आणि शहाण्या मुलासारखे थांबून राहिले. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा बोट लावलं आणि म्हटलं, "अजून थोडं." तेवढ्यात बस लागली. ते घाईनं उठले, ग्लास माझ्या हातात दिला आणि गर्दीतून चढले. खिडकीची जागा मिळाली. आतून त्यांनी हात केला. मीही केला. बस वळून स्टँडच्या बाहेर पडली.

ग्लास माझ्या हातातच होता. चहा आता प्यायजोगा झाला होता.